तिच्या माहेरची चक्कर

शेवटचं मी अन् बायकोनं मिळून तुरीच्या हिरव्या शेंगांचे सोले काढले. अकोल्याच्या घरी, ओट्यावर, सकाळच्या उन्हात. मी काढता काढता दाणे तोंडात टाकत होतो.

"भाजीले काही ठेवसान का नाही?"

"कीड पाहून राहिलो."

"हो, किडीचे डॉक्टरच तुमी!"

मग ती आत जाऊन जरा आडवी झाली. गॅसवाल्यानं बेल दाबली. ती दचकून उठून बसली अन् तशीच बाजूले कलंडली.

तिच्या माहेरच्या बायकांले अशी चक्कर येते, हे मले लग्नापासून माहीत. सासूले यायची, मोठ्या साळीले यायची. भांडं पडलं, फटाका फुटला, की बाई खाली. त्याले ते देवीचा झटका म्हणत. कुंकू लावत, ओटी भरत, बाई उठून बसे. साळी एकदा उठलीच नाही, तर म्हणाले, देवीनं नेली. म्हणून त्या घरात झोपल्या बाईले कोणी हाक मारत नाही, पायाचा अंगठा दाबून उठवतात. मीही बायकोले जन्मभर तसंच उठवलं. दारावरची बेल तेवढी नवी होती.

दवाखान्यात काळीज घडीभर पुन्हा चाललं, तेवढ्यात मशिनीतून त्याची ईसीजीची पट्टी निघाली. मग बंद पडलं ते पडलंच. डॉक्टरीणबाईनं मले ती पट्टी दाखवली.

"बाबा, हृदय विजेवर चालतं. एका ठोक्यानंतर त्याला पुढच्यासाठी तयार व्हावं लागतं. यांचं उशिरा तयार व्हायचं. त्यात दचकलं की ताल सुटतो. हे रक्तातून येतं. मुलगी आहे का?"

"हाय. अमरावतीले असते."

"तिची पट्टी लगेच काढा."

लेक दुपारीच येऊन पोचली होती. संध्याकाळी तिच्या आईले जाळून आलो. लेक आईच्या जागी, आईच्याच गोधडीत निजली. तशीच एका कुशीवर, हात गालाखाली. मले कळेना, कोण निजून आहे. कोणी कपबशी ठेवली तरी माझा जीव जाय. मी उंबऱ्याशी बसून गोधडी हलते का तेवढं पाहत राहिलो.

सकाळी अंगठा दाबला. तिनं डोळे उघडले.

"चाल, दवाखान्यात जाऊ."

"मले काय झालं बाबा? शाळेत घंटा वाजली तवा एकदा पडली होती, तेवढंच."

माझी मोठी बहीण दारात आडवी आली. "सुतकात कुठं चालला? पहिले राख सावड. दवाखाना पळून चालला का?"

"ताई, राख थांबते. पोरगी थांबन का?"

लेकीची पट्टी काढून डॉक्टरीणबाईनं तिची अन् आईची, दोन्ही पट्ट्या टेबलावर एकीखाली एक ठेवल्या. बोट एका जागी थांबलं, खालच्या पट्टीवरही तिथंच. लेक टेबलावर वाकली.

"बाबा, यातली आईची कोणती?"

गोळ्या घेतल्या, पहिली लेकीले तिथंच गिळायले लावली. घरी आलो, बेलची वायर तोडली. मग राख सावडायले गेलो.