शेऱ्याचा रकाना

"आकडा घेतला ना भाऊसाहेब? आता शेरा घ्या."

पावसाळ्यात रोज सकाळी आठला अकोले तालुक्याच्या आमच्या कचेरीत हा फोन यायचा. मी पावसाच्या नोंदी घेणारा कारकून आणि तो राजूरच्या वरच्या अंगाच्या एका गावचा कोतवाल. मी त्याला मामा म्हणायचो. पर्जन्यमापकातलं पाणी मोजून सांगितलं, की मामाचं खरं बोलणं सुरू व्हायचं.

"झऱ्याचं पानी आज चहावानी हाय, लिवा. खेकडं वर चढाय लागल्यात, लिवा."

मी लिहायचो. साहेब ते शेरे मोठ्याने वाचायचे आणि सगळी कचेरी हसायची. खोटं कशाला बोलू, सगळ्यात जोरात मीच हसायचो.

मग मोबाईलवर ॲप आलं. त्यात आकड्याचा रकाना होता, शेऱ्याचा नव्हता. मामा मुकाट्याने आकडा टाकायचा आणि तरी फोन करायचाच.

"शेरा कुटं टाकू?"

"मामा, शेरा बंद झाला आता."

"आकडा पाऊस पडून गेल्यावर कळतो भाऊसाहेब. शेरा आदी कळतो."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. नियम मोडत नाही, पण गप्पही बसत नाही.

एका दुपारी त्याचा फोन आला तेव्हा आवाज बसला होता. "पाऊस लई हाय आन झरा आटलाय. पानी डोंगराच्या पोटात ऱ्हातंय. खालची वाडी हलवाय पायजे."

मी ॲप उघडलं. सकाळचा आकडा इशाऱ्याच्या पातळीखाली होता. "निकषात बसत नाही मामा. वर कळवतो," म्हणालो. कळवलं नाही. साहेब पुन्हा हसतील, एवढंच मनात आलं. त्याची लाज मला अजून वाटते.

मामाने कुणाची वाट पाहिली नाही. पत्र्याचा डबा बडवत तो घरोघर फिरला. दिवस मावळायच्या आत अख्खी वाडी शाळेत आणली. एका म्हातारीला तर तिच्या शिव्या खात पाठीवर घेऊन आला.

सकाळी डोंगर वाडीवर आला. घरं गेली, पण घरात कुणी नव्हतं. एकटा मामा तिथे होता. पर्जन्यमापक वाडीच्या वरच बसवलेलं होतं आणि आठ वाजत आले होते. शाळेतून निघताना म्हातारीला म्हणाला होता, "आकडा टाकून आलोच."

आता ॲपमध्ये शेऱ्याचा रकाना आलाय. सक्तीचा आहे, भरल्याशिवाय आकडा पुढे जात नाही. रोज आठला गावोगावचे शेरे मी वाचतो.

निरंक. निरंक. निरंक.