बिनचढाचा किल्ला

मी माझ्या वडिलांशी धडधडीत खोटं बोलले. वर्ल्ड कपमुळे विमानाची तिकिटं मिळत नाहीत, असं सांगितलं. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला तेव्हा साडेतीन वर्षं होती!

पण कतारमध्ये त्या दिवसांत काहीही वर्ल्ड कपवर ढकललं तरी खपायचं. रस्ता का खणलाय? वर्ल्ड कप. अल मुंतझातल्या आमच्या बिल्डिंगसमोर तिसऱ्यांदा डायव्हर्जन का? वर्ल्ड कप. रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्ट करणारा माझा नवरा येताना दही आणायला विसरला, तरी हेच कारण सांगायचा. मग मी सांगितलं तर काय बिघडलं?

बाबा नाशिकहून दोन महिन्यांसाठी आले होते आणि दहाव्या दिवसापासून परत जायचं म्हणायला लागले होते. आईला जाऊन वर्ष झालं होतं. वीज खात्यातली नोकरी सांभाळून बाबांनी आईच्या जोडीनं आयुष्यभर गड पालथे घातले. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि तेवढ्यात आईच गेली. बाबांनी विषय संपवला. "आता कुणाबरोबर चढायचंय मला? घरातल्या घरात फिरायला हे गुडघे पुरतात." तिकडे दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे, इथं येऊन आमच्या हॉलमधली खुर्ची धरली. हा माणूस परत गेला की त्या खुर्चीतून उठणारच नाही, अशी मला भीती वाटायची. ऑपरेशनवरून मी दोनदा भांडले, एकदा रडले. बाबा ढिम्म.

शेवटी एका गुरुवारी रात्री जेवताना मी जाहीर केलं, "उद्या सुट्टी आहे. बाबांना किल्ला दाखवायचा."

"इथं किल्ला?" बाबा म्हणाले. "वाळूचा का?"

सकाळी पाचला उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. आमच्या घरचा नियमच आहे, गडावर दशमी-चटणी. आणि दुसरा नियम, चढून गेल्याशिवाय डबा उघडायचा नाही. लहानपणी मी अर्ध्या वाटेवर भुकेनं गळा काढायचे, तरी आई डब्याला हात लावू द्यायची नाही.

दोहा मागे पडलं तशा क्रेन कमी झाल्या. आणि मग नुसतं सपाट. डोळ्यांना अडवणारं काही नाही, फिकट पिवळी जमीन, मधेच एखादं काटेरी झाड, त्याखाली दोन उंट. मी नऊ वर्षं इथं राहते, पण हिवाळ्यातल्या सकाळी तो उजेड पाहिला की आजही बोलणं बंद होतं. माझं बोलणं बंद होणं म्हणजे काय, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

झुबाराचा किल्ला लांबूनच दिसला. भुईवर ठेवल्यासारखा, एकटा. बाबा काचेला नाक लावून बघत होते.

"याला किल्ला म्हणतात? अगं, ही तर पोलीस चौकी!"

मी चिडले. पण आत गेल्यावर पाटी वाचली, तर खरंच तिथं पूर्वी किनाऱ्यावर पहारा करणारे पोलीस राहायचे. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की बस्स.

तरी दारात ते थांबले. काठी माझ्या हातात दिली, चपला काढल्या, कसंबसं वाकून उंबऱ्याला हात लावला आणि कपाळाला. तिथला गार्ड धावत आला. "अंकल, शूज ओके! शूज ओके!" बाबांनी त्याला मराठीतून समजावलं की किल्ला लहान असो की मोठा, दारात चपला काढायच्या. त्या बिचाऱ्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं चपला नीट उचलून सावलीत ठेवल्या.

आणि मग बाबांनी किल्ला बघितला. खरा बघितला, पूर्वी बघायचे तसा. "तीन बुरूज गोल आणि एकच चौकोनी. बघितलंस?" मी नव्हतं बघितलं, आधी दोनदा येऊनही. भिंतीला तळवा टेकवून म्हणाले, "हात लाव. गार आहे. केवढी जाड बांधलीय! शहाणी माणसं." बाहेर समुद्राच्या अंगाला जुन्या शहराचे पाये नुसते गुडघाभर उरलेत. मोत्यांचा व्यापार करणारं भरलेलं गाव होतं ते. बाबा तिथं बराच वेळ उभे राहिले.

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला भूक लागली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. "आजोबा, कॅन वी ईट नाऊ?"

"चढलो कुठं आपण? सपाटीवरून चालत आलो. डबा उघडायचा नाही."

मी कपाळाला हात लावला. पोरीला दोन खजूर देऊन गप्प केलं आणि नवरा म्हणाला, "यल्ला, चला, अजून एक जागा आहे."

ती कुंपण घातलेली जागा म्हणजे जसासिया. समुद्राजवळ उघड्यावर पसरलेला फिकट कातळ, कुठं घोट्याएवढा, कुठं कमरेएवढा. आणि त्यावर कोरलेल्या होड्या! वरून दिसाव्यात तशा, दोन्ही बाजूंना वल्ही पसरलेल्या. कुणी कोरल्या, कधी, नक्की कुणाला माहीत नाही. वारा सुटला होता, पलीकडे समुद्राची निळी रेघ चमकत होती. बाबांना त्या होड्या नीट बघायच्या होत्या, म्हणून ते कमरेएवढ्या कातळावर चढले. एका हाताला नात, एका हाताला काठी. चार पावलं. वर पोचल्यावर धापा टाकत म्हणाले, "आता उघड डबा." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

खाता खाता त्यांना कातळात खळगे दिसले. वाटीएवढे, सात-सातच्या दोन ओळी. बाबांच्या तोंडातला घास तसाच राहिला. "अगं, हे आपल्याकडेही असतात! गडांवर, देवळांच्या पायऱ्यांवर. माझी आत्या चिंचोक्यांनी खेळायची हा खेळ."

"शो मी!" लेक म्हणाली आणि खडे टाकायला वाकली.

"हात लावायचा नाही!" बाबा कडाडले. गडावर नावं कोरणाऱ्या लोकांना आयुष्यभर झापलेला माणूस तो. ते खाली उतरले, कुंपणाबाहेर आले आणि सरळ वाळूत फतकल मारून बसले. मी बघतच राहिले. दोन वर्षांत ते जमिनीवर बसले नव्हते. बोटांनी चौदा खळगे केले, शिंपल्या आणि खडे वाटून घेतले, आणि आजोबा-नातीचा डाव सुरू झाला. पोरगी एकदा हरली, दोनदा हरली. तिसऱ्यांदा हरल्यावर रागानं चक्क मराठीत ओरडली, "आजोबा, चीटिंग करू नका ना!"

बाबा खो-खो हसले. आई गेल्यावर पहिल्यांदा.

"तुमच्या फोर्टवर आहे का हे?" तिनं विचारलं.

"आपल्या नाशिकजवळच्या रामशेजवर? लक्षात नाही. वर जाऊन बघायला पाहिजे."

"मग जाऊ या. मी शोधते."

बाबा उठायला गेले, तर उठता येईना. हात टेकले, काठी रोवली, काठी वाळूत रुतली. शेवटी मी आणि नवऱ्यानं दोन्हीकडून धरून उभं केलं. लेकीनं त्यांच्या पायजम्याची वाळू झटकली. बाबांचा चेहरा उतरला होता.

परतीच्या वाटेवर लेक त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. वाटेतलं वर्ल्ड कपचं तंबूसारखं, अर्धवट बांधलेलं स्टेडियम मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "माझं तिकीट लवकरचं काढ."

माझा पारा चढला. "एवढं सगळं झाल्यावरसुद्धा? त्या खुर्चीत बसायचीच घाई झालीय ना तुम्हाला?"

"हळू बोल, ती उठेल. पावसाळ्याआधी गुडघे उरकून घेतले, तर दिवाळीनंतर हिला रामशेजला नेता येईल. डॉक्टरांना फोन लाव उद्या."

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. नाक पुसून म्हटलं, "बाबा, तिकिटं मिळतायत. रोजच मिळत होती. मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. वर्ल्ड कपला साडेतीन वर्षं आहेत, गाढवे. मी काय पेपर वाचत नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी नातीच्या केसांतली वाळू काढत काढत सांगितलं, "मला थांबवायला कुणीतरी खोटं बोलतंय. बरं वाटत होतं गं."