शवागारातला हल्ला

ती सकाळ आजही आठवते, आणि आठवली की डोकं तापतं. अमरावती जिल्ह्याच्या संत्रापट्ट्यातलं एक ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. आदल्या दिवशी एक विधवा बाई स्वतःच्याच बगिच्यातल्या विहिरीत मेलेली सापडली होती. पाय घसरून पडली, असं तिच्या पुतण्यानं सांगितलं. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला आणि प्रेत सरकारी दवाखान्यात पाठवलं. अंगावर खुणा दिसत नव्हत्या. सरळ प्रकरण, असंच आम्ही धरून चाललो.

शवविच्छेदनाला न्यायवैद्यक शाखेच्या एक डॉक्टर होत्या. त्यांनी काम सुरू केलं आणि दहा-बारा माणसं दार ढकलून आत घुसली. डॉक्टरबाईंना ओढलं, शिव्या दिल्या, सामान फेकलं, मनगट पिरगाळून मोडलं. दारावरचा आमचा शिपाई चहाला गेला होता.

मी पोचलो तेव्हा बाई हात गळ्यात बांधून बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या वरिष्ठांनी मला बाजूला घेतलं. "नातेवाईक आहेत, साहेब. दुःखात माणसाचं भान सुटतं. मिटवून टाकू."

बाईंनी ते ऐकलं. म्हणाल्या, "मिटणार नाही. तक्रार मी देते. आणि शवविच्छेदन आजच होईल. तुम्ही फक्त दार सांभाळा."

दुसऱ्या डॉक्टरांना सोबत घेऊन त्यांनी काम पुरं केलं. मृत बाईच्या गळ्यातलं लहान हाड मोडलेलं निघालं. पाण्यात पडण्याआधीच तिला गळा आवळून मारलं होतं. खुनाचा गुन्हा दाखल झाला.

पण मारहाण कोणी केली? ज्याला विचारावं तो म्हणे, जमाव होता. वर पुढाऱ्यांचे फोन सुरूच. गरीब लोक आहेत, सोडून द्या. मोडलेल्या मनगटाची चौकशी एकानंही केली नाही.

मग एका संत्रा व्यापाऱ्याचा फोन आला. "साहेब, ते नातेवाईक नव्हते. माह्या शेडवरचे मजूर होते. त्या पुतण्यानं गाडीत घालून नेले. डॉक्टरीण मुर्द्याचे गुर्दे काढून विकते, असं सांगितलं त्याहिले."

मजुरांना आणलं आणि एकेकाला वेगळं बसवून विचारलं. मग एक जण बोलला, "आमी तं धक्काबुक्की केली, साहेब. हात त्या पुतण्यानंच मोडला. गळ्याले हात नोको लावू, असं वरडून राहिला होता." बाकीच्यांनीही तेच सांगितलं. बाईंच्या जबाबातही तेच वाक्य होतं, मी ते रागाचं बोलणं समजून सोडून दिलं होतं.

पुतण्याला समोर बसवलं. "काकू विहिरीत बुडाली म्हणतोस. मंग गळ्याची भीती तुले काहून?"

तो म्हणाला, "बगिचा आपल्या माहेरच्या भाच्याच्या नावानं करून राहिली होती ते. म्या काय हवा खावी?"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. पण गळा आवळायला वापरलेला, बगिच्यातल्या पाचोळ्याखाली पुरलेला दुपट्टा त्यानं पंचांसमोर स्वतः काढून दिला, तो टिकला.

खटल्यात त्याच्या वकिलानं बाईंना विचारलं, "घरचं माणूस गेलेल्या नातेवाइकांच्या भावना तुम्हाला कळत नाहीत का?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "त्या खोलीत त्या बाईच्या बाजूनं मी एकटीच होते."

खुनात पुतण्याला जन्मठेप झाली. मारहाणीच्या खटल्यात साक्षीदार केलेले मजूर उलटले, आणि त्यात कोणालाच शिक्षा झाली नाही. बाईंना मात्र त्यांच्या खात्यानं विचारणा केली, की नातेवाइकांशी संवाद नीट का ठेवला नाही.

निवृत्तीनंतर मी अकोल्यात राहतो. डॉक्टरला मारल्याची बातमी आली की शेजारी म्हणतात, लोक भावनेच्या भरात असतात. असतील. पण या प्रकरणानंतर मी एक सवय लावून घेतली: शवागारात कोणी हात उचलला, की त्याचं दुःख समजून घेण्याआधी तो आदल्या दिवशी कुठं होता, ते विचारायचं.