हत्तीच्या पोटाखालची गाठ

कसुतीच्या भरतकामात गाठ मारत नाहीत. दोरा जिथून निघाला तिथंच फिरून यायचा, आणि कापड उलटं धरलं तरी सुलटंच वाटायला पाहिजे. आमची आई मात्र हत्ती भरला की त्याच्या पोटाखाली एक बारीकशी गाठ मारायचीच. दोरा सुटेल अशी तिला भीती. आजी तपासायला बसली की आई नेमकं तिथंच बोट ठेवून कापड दाखवायची. हे फक्त अक्काला आणि मला ठाऊक. आता तुम्हाला सांगते, पण आईचं नाव सांगणार नाही. अक्काची तशी अट आहे.

तर माझी मुलगी बेंगळूरला असते. तिथं एका जुन्या राजवाड्यात देशाचं कलासंग्रहालय केलंय. तिथल्या एका इरकली लुगड्याच्या पदराचा फोटो तिनं मला पाठवला. मी तो जुन्या हुबळीत जाऊन अक्काला दाखवला. तिनं फोन नाकाशी धरला.

"हे आईचं. धारवाडच्या वकिलीणबाईंना करून दिलेलं."

"हत्ती सगळ्यांचे सारखेच असतात गं."

"तुझे नसायचे. तुझे म्हशीसारखे दिसायचे."

झालं, गाठ बघायला दोघी रेल्वेनं बेंगळूरला. राजवाड्याच्या पायरीशी अक्कानं चपला काढल्या, पहारेकऱ्यानं परत घालायला लावल्या. आत एवढी मोठमोठी चित्रं, तिचं लक्ष फरशीकडं. "पुसायला किती बायका लागत असतील?"

पदर दोरीपलीकडं दांडीवर टांगला होता. आमच्यात कसुती कुणी दाखवली की आधी उलटून बघतात, हाताला सवयच असते. अक्का दोरीखालून वाकली आणि तिनं पदर उलटला.

"अम्मा, मुट्टबेडि," पहारेकरी धावला. हात लावू नका म्हणे.

अक्का त्याला कानडीतच म्हणाली, "पाठ बघितल्याशिवाय कसुती बघितली म्हणतात होय रे?"

तरी पाठीला अस्तर शिवलेलं, काहीच दिसेना. आवाज ऐकून तिथल्या मॅडम आल्या. पोरगी गोड होती. अस्तराआधीचा पाठीचा फोटो तिनं काढून दाखवला आणि जरा ओशाळून म्हणाली, "एक दोष आहे बघा, हत्तीखाली."

अक्कानं माझं मनगट घट्ट धरलं.

"कारागीर कोण ते आम्हाला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही ओळखत असाल तर इथं नाव लावता येईल. कशावरून ओळखलं, तेवढं नोंदीत लिहावं लागेल."

मी तोंड उघडलं, तोच अक्कानं चिमटा काढला. "नाही हो. आम्ही आपल्या सहज आलो होतो."

बाहेर आल्यावर मी चिडले. "राजवाड्यात नाव लागलं असतं आईचं."

"आणि गाठ मारायची म्हणूनही लागलं असतं. जन्मभर झाकली तिनं, तू एका मिनिटात उघडी करणार होतीस."

परतीच्या गाडीत दावणगेऱ्यापर्यंत मी तिच्याकडं पाठ करून बसले. मग तिनं चिरमुऱ्याचा डबा माझ्यापुढं सरकवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण सोंड काय भरलीय गं."

खरंच, सोंड फार छान भरलीय.