काठोकाठ भरलेला टब

चौऱ्याण्णव साली ऑकलंडची धरणं आटली आणि तिथल्या माउंट रॉस्किल उपनगरात माझा भाव एकदम वधारला. एरवी मी कोपऱ्यावरच्या फार्मसीत औषधं देणारी बाई. पण नळ कोरडे पडणार अशी बोलवा उठली तेव्हा सगळ्यांना आठवलं, ही इंडियातून आलीय, हिला पाणीटंचाईची सवय असणार. शहाणपण शिकवायची मला हौस दांडगी. चर्चच्या हॉलमध्ये बोलायला बोलावलं, तर मी उड्या मारत गेले.

आधी नगरपालिकेचा माणूस बोलला. हवामान बदलतंय, असे कोरडे हंगाम पुढे वारंवार येतील, तेव्हा एकमेकांकडून शिका, म्हणाला. मग मी उभी राहिले. पुण्यात पाणी जाणार म्हटलं की आम्ही पिंप, बादल्या, कळश्या, वेळ पडली तर कुकरसुद्धा भरून ठेवायचो, ते सगळं सांगितलं. वर ऐटीत म्हणाले, "तुमच्याकडे तर घरोघरी आंघोळीचा एवढा मोठा टब! काठोकाठ भरून ठेवा." टाळ्या पडल्या. त्याच संध्याकाळी गल्लीतल्या बारा घरांनी टब भरले. कुणी कुणी भरले त्याची यादीही मी केली. मिरवायला, दुसरं काय!

चौथ्या दिवशी दुकानात एक बाई नुकतं पाऊल टाकणारं पोर घेऊन आली. ती औषध घेतेय तोवर पोरानं सेलमधल्या जँडल्सची, म्हणजे रबरी चपलांची, टोपली गाठली. काठावर पोट टेकवलं, आत वाकलं आणि गेलं की डोक्यावर! पाय वर. त्याची आई हसली, मीही हसले. त्याला बाहेर काढताना मात्र माझी नजर टोपलीच्या काठावर अडकली. टोपलीचा काठ आणि टबाचा काठ, उंची जवळपास एकच.

अरे देवा. आमचं पिंप माझ्या छातीला लागायचं. वर जाड झाकण, झाकणावर आईनं ठेवलेला वरवंटा. पाण्यात पोर पडेल, हे आमच्या घरात कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि मी मेली इथे बारा घरांत उघडं पाणी भरायला सांगून मोकळी झाले! यादीत पहिलंच घर माझ्या शेजारच्या, सामोआ बेटांवरून आलेल्या आजीचं. तिचा नातू वर्षाचा, गेल्याच आठवड्यात भिंत धरून चालायला लागलेला.

दुकान जोडीदारणीवर टाकलं आणि पांढऱ्या कोटातच पळत सुटले. दोन रस्ते ओलांडेपर्यंत देवाला काय काय कबूल केलं, ते सांगायची लाज वाटते. आजीचं दार उघडंच होतं. हाकही न मारता मी बाथरूमकडे धावले. दाराची मूठ कापडानं खिळ्याला करकचून बांधलेली होती. मागे वळले तर आजी उभी, कडेवर नातू. त्याचे केस ओले.

"मघाशीच टबात पडला," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरात होते. धपकन आवाज आला, म्हणून कळलं."

मी तिथेच जमिनीवर बसले. बाळ माझ्याकडे बघून हसत होतं आणि मला रडू आवरेना. माझं चुकलं, माझं चुकलं, एवढंच म्हणत राहिले. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "आमच्या गावातही पाणी साठवतात. आम्ही पाणी नंतर भरतो, आधी झाकण शोधतो. इथे तुझं ऐकून टब उघडाच भरला. तू हॉलमध्ये इतकं बोललीस, आम्हाला काही विचारलं नाहीस." मग तिनं हात पुढे केला. "यादी कुठाय?"

उरलेली अकरा घरं आम्ही दोघींनी घेतली. दारोदारी ती नातवाला खाली उभं करायची आणि त्याच्या छातीशी आडवा हात धरायची. टबाचा काठ इथपर्यंत येतो, म्हणायची. एवढ्यावर आया आत पळायच्या. मी मागे उभी राहून यादीतल्या घरावर फुली मारायची.

शेवटच्या घराचं दार कुणी उघडेना. दोन पोरांचं घर ते. आम्ही कडी वाजवली, खिडकीवर थापा मारल्या. आत चिडीचूप. आजीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आणि आतून एकाएकी झोपमोड झालेल्या पोरानं भोकाड पसरलं. पाठोपाठ दुसऱ्यानं. आम्ही दोघी पायरीवर मटकन बसलो आणि ते रडणं ऐकत राहिलो.