सगा म्हणजे नातेवाईक नव्हे

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चंद्रपुरात एका हॉटेलच्या गारेगार हॉलमध्ये बसले होते. गळ्यात माझ्या नावाची पट्टी, समोर पाण्याची बाटली आणि पडद्यावर निर्वासिताची व्याख्या. निर्वासित कोण, तर जो आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडतो तो. दिल्लीहून आलेल्या सल्लागार बाई हे तिसऱ्यांदा समजावत होत्या, जणू आम्ही व्याख्या पाठ केली नाही म्हणून जगातली माणसं बेघर झाली. फोन मामेभावाचा होता. "बाबा गेला ताई. निघ तू." मी उठले, तर शेजारच्यानं विचारलं, चहाची सुट्टी झाली का... पट्टी काढून खुर्चीवर ठेवली आणि एसटी गाठली. आष्टीच्या पुढे सूरजागडच्या खनिजाचे ट्रक रांगेनं उभे होते. आमच्या डोंगराचा दगड कुठल्याही सीमेपार जातो, त्याला कोणी व्याख्या विचारत नाही. माणसांची गाडी मात्र त्याच्यामागे थांबली.

माझा मामा झुरू हा इंद्रावतीकाठच्या एका माडिया गावाचा गायता होता. गावाची पूजा त्याच्याकडे, आणि कोणी कुठी नांगर घालायचा हा निवाडाही त्याचाच. शाळेची पायरी तो कधी चढला नाही. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आश्रमशाळेतून चंद्रपूरच्या कॉलेजात गेलेली, आणि याचा मला गर्व आहे. तो मी लपवत नाही. मामालाही होता. तो मला मास्तरीण म्हणायचा. माझं काही चुकलं की तेच नाव जरा लांबवून म्हणायचा.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा नदीपलीकडून अकरा कुटुंबं आली. पलीकडे दुसरं राज्य. दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये सापडून त्यांचं गाव जळलं होतं. डोंग्यांतून उतरलेली माणसं चिखलात उभी होती आणि मामा काठावर. त्यानं कागद मागितला नाही. त्यानं विचारलं, "किती देवांचे तुमी?" त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, सहा. "आमी सात. मंग तुमी आमचे सगे. या वर." झाली तपासणी. आमच्यात प्रत्येक कुळाचे देव मोजलेले असतात. संख्या सारखी असली तर ते भाऊ. वेगळी असली तर सगे, म्हणजे ज्यांच्यात मुली द्यायच्या आणि ज्यांच्यातून आणायच्या. त्याच आठवड्यात मामानं नाल्याकाठची जागा त्यांना दाखवली.

दोन वर्षांनी दिल्लीच्या याच सल्लागार बाई आल्या. सोबत पाहणीचे फॉर्म, दोन गाड्या आणि दुभाषी म्हणून मी. नवी पदवी, नवे बूट, इंग्रजी येणारी तालुक्यातली एकमेव माडिया मुलगी. बाईंनी मामाला विचारलं, ही माणसं तुमची कोण? मामा म्हणाला, सगे. आणि मी, मास्तरीण, क्षणाचाही विचार न करता म्हणाले, नातेवाईक. बाईंनी पुढचा प्रश्नसुद्धा विचारला नाही. अकराही घरांपुढे एकच ओळ लिहिली गेली: नातेवाईकांकडे तात्पुरता मुक्काम. मुक्कामाला आलेला माणूस विस्थापित नसतो. म्हणून ते यादीतून गेले. अहवाल छापला गेला, परदेशात कुठल्याशा परिषदेत वाचला गेला. त्याची गुळगुळीत प्रत मला भेट म्हणून आली, आत माझे आभारही होते.

तो अहवाल हातात घेऊन एका कार्यालयाची माणसं झोपड्या काढायला आली. म्हणाली, तुम्ही पाहुणे ना, पाहुणपण संपलं, परत जा. दोन झोपड्या त्यांनी पाडल्या. तिसरीच्या दारात मामा जाऊन बसला आणि उठला नाही. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन त्या कार्यालयात गेला. साहेब चांगला शिकलेला होता. म्हणाला, "यांनी राज्याची सीमा ओलांडली हो, देशाची नाही. देशाची असती तर विचार करता आला असता."

"काऊन साहेब, इंद्रावती लहान पडली काय?"

साहेब हसला. मामा हसला नव्हता. त्या नदीत येताना अकरा कुटुंबांचा एक डोंगा उलटला होता.

मग मी बाईंना फोन लावला, तिथूनच, मामासमोर. त्यांनी मोठ्या प्रेमानं सांगितलं की देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांसाठीही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, फार सुंदर आहेत, फक्त ती बंधनकारक नाहीत. मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "मंग छापले काऊन?" या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हापासून किती कार्यशाळांत विचारलं. लोक वहीत लिहून घेतात. एकानं तर टाळ्या वाजवल्या.

परतताना मी मामाला खरं सांगितलं. तो शब्द माझा होता, त्याचा नाही. मला वाटलं रागावेल. तो एवढंच म्हणाला, "तूच लिवलं नं मास्तरीऽण, तूच खोड." खोडायला मी तीन पत्रं पाठवली. एक शब्द चुकलाय, दुरुस्त करा, एवढीच मागणी. उत्तर आलं की अहवाल अंतिम आहे. जगभरच्या बेघरांच्या हक्कांची भाषा करणाऱ्यांना एक शब्द मागे घेता येत नाही, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

शेवटी मामानं ग्रामसभा बोलावली. ठराव मी लिहिला. सगा हा शब्द तसाच ठेवला आणि खाली अर्थ दिला, तोही मामानं सांगितला तसा: ज्यांच्यावाचून आमच्या गावात लग्न लागत नाही ती माणसं, म्हणून ती इथंच राहणार. मामानं अंगठा उमटवला. तो ठराव कार्यालयात आहे. त्याच्यावर निर्णय झालेला नाही, नाल्याकाठच्या झोपड्याही उभ्या आहेत, आणि यातलं काय आधी संपेल ते मामाला बघायला मिळालं नाही.

मी पोचले तेव्हा ढोल वाजत होता. आमच्यात मयताचं काम घरच्यांचं नसतं. खड्डा खणायचा, ढोल वाजवायचा, माती लोटायची ती सग्यांनी. नाल्याकाठच्या अकराही घरांचे पुरुष चिखलानं माखलेले होते. म्हातारी कडेला बसून त्यांना ओरडत होती, "अजून खोल. लांब होता तो." तात्पुरत्या मुक्कामाला आलेली ही माणसं.

पंधरा दिवसांनी बाईंचा निरोप आला. सांत्वन, आणि एक विनंती. आश्रय देणाऱ्या समाजांवर नवा अहवाल काढून राह्यल्या आहेत, मामाचा फोटो हवा. मी विचारलं, जुन्यातला शब्द? त्या म्हणाल्या, ते प्रकरण बंद झालं आहे.

मामाच्या खोलीत एकच फोटो आहे. ठरावाच्या दिवशी मोहाच्या झाडाखाली सगळे उभे राहिले होते, गावचे आणि नाल्याकाठचे, मिसळून. मामा मागच्या रांगेत, अर्धा कोणाच्या तरी खांद्याआड. त्यात त्याला एकट्याला कापून काढता येत नाही. मी मोबाइलवर अख्ख्या फोटोचा फोटो काढून पाठवला. लगेच उत्तर आलं: छान, यातले विस्थापित कोणते तेवढ्यांवर खूण करून द्या.

मामीला वाचून दाखवलं. त्या फोटोतल्या एकेकाला ती नावानं ओळखते, कोणाच्या घरी कोणती पोर दिली तेही सांगते. तिनं फोटो भिंतीवरून काढला, पदरानं काच पुसली, बराच वेळ बघत राहिली आणि पुन्हा खिळ्याला अडकवला.

"लिव त्याहिले," ती म्हणाली, "मामीले दिसत नाई."