केराबाईची बेडकाची ओवी

केराबाईला अक्षरओळख नव्हती, पण तिची ओवी एकदा नावाला चिकटली की माणूस तिला घासून काढू शकत नसे. आमचे सासरे सात वर्षं ती घासत होते.

केराबाई सांगोल्याकडची धनगरीण. शाळूची काढणी झाली की चैत्रात तिची मेंढरं आमच्या मंद्रूपच्या शिवारात यायची. रात्री मेंढरं रानात बसवायची, तेवढंच रानाला खत. त्या बदल्यात शेतकऱ्यानं जोंधळा द्यायचा आणि सकाळी ताक पाजायचं. ताक पिऊन झालं, घोड्यावर बिऱ्हाड लादलं, की केराबाई बांधावर उभी राहून त्या रानाची ओवी म्हणायची. शेजारच्या बसलिंगप्पाच्या रानाची अशी होती:

पूस आला दंव घेऊन, शाळू उभा डुलतो,
बसलिंगप्पाच्या बांधावर व्हला घरटं विणतो;
चैत आला ऊन घेऊन, रान उघडं झोपतं,
मेंढरांच्या पांघरुणात नवं सपान बघतं.

बसलिंगप्पा त्यानंतर महिनाभर छाती काढून चालत होता. अशी ओवी आपल्याही रानाला मिळावी म्हणून एकाहत्तर साली आमच्या मामांनी, म्हणजे सासरे संगप्पांनी, मेंढरं तीन रात्री बसवून घेतली. मी तेव्हा वळसंगहून लग्न होऊन आलेली नवी सून. तिसऱ्या सकाळी ताकाची कळशी घेऊन मीच रानात गेले. मागून मामा आले आणि भावकीतली चार माणसं ओवी ऐकायला जमली. केराबाईनं ताक प्यायलं, तोंड पुसलं आणि सुरू केलं:

संगप्पाच्या रानामंदी सावलीचं न्हाय नाव,
मेंढीच्या पोटाखाली मेंढी हुडकती ठाव;
ताक त्याचं असं बाई, तळ दिसतो सताड,
हिरीतलं बेडूक म्हनं, हे तर माझंच बिऱ्हाड!

माणसं पोट धरून हसली. मामांचा चेहरा बघवेना, आणि माझा तर बघण्यासारखा उरलाच नव्हता. कारण ताक घरून निघालं तेव्हा चांगलं दाट होतं. बांधावर ठेच लागून अर्धी कळशी सांडली होती आणि सासूबाईंच्या भीतीनं मी ती विहिरीच्या पाण्यानं भरली होती! हे मी कुणाला सांगितलं नाही.

ओवी मेंढरांच्या पायानं गावोगाव गेली. मंद्रूपच्या बाजारात ताकवाली मामांना म्हणायची, "अण्णा, बेडूक हाय का बघून घ्या की." पंचमीला माहेरी गेले तर माझ्या वडिलांनीच विचारलं, "दाक्षायणी, तुझ्या सासरी असलं ताक देतात होय गं?" मी म्हटलं, हो. जीभ झडली नाही एवढंच.

मामा तसे कमी बोलणारे. त्या पावसाळ्यात त्यांनी बांधावर कडुलिंबाचं रोप लावलं. पुढच्या चैत्रात केराबाई आल्यावर ते गुडघाभर रोप दाखवून म्हणाले, "आता तरी बदल की."

"अण्णा, वहाण ठेवाया सावली न्हाय हितं," केराबाई म्हणाली. "मी बूड टेकून बसंन, तवा बदलंन."

आणि त्याच रात्री तिच्याच एका शेळीनं काटेरी कुंपणात मान घालून ते रोप फस्त केलं! सकाळी मामा त्या बुडख्याकडे बघत राहिले. केराबाईला आधी हसू आलं, मग लाज वाटली. तिनं दिवसभर बोरीच्या काट्या तोडल्या आणि स्वतःच्या हातानं दुप्पट दाट कुंपण घालून दिलं. मामांनी त्यात नवं रोप लावलं. ते साल दुष्काळाचं. माणसांना पाणी पुरेना, तरी मामा आंघोळीचं पाणी पाटाखाली घमेलं ठेवून धरायचे आणि झाडाला नेऊन घालायचे. सासूबाई म्हणायच्या, "ओवीपायी माणूस येडं झालं." दर चैत्रात केराबाई यायची, झाडाखाली उभी राहून बघायची आणि मान हलवायची. कधी सावली डोक्यावर पुरे, पाय उन्हात राहत.

अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात लिंब फुलला होता. मी ताक घेऊन गेले, तर केराबाई झाडाखाली ऐसपैस मांडी घालून बसलेली. मामा अजून यायचे होते. मला राहवलं नाही. कळशी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं: ठेच, विहीर, पाणी.

केराबाई खो खो हसली. "पोरी, मला सात वर्सं झाली की ठावं हाय! त्याच दिशी दुपारी आमी वाटंला लागलो, तर तुजा सासरा मागनं पळत आला. बांधावर कुत्रं सांडल्यालं ताक चाटत हुतं, ते त्येनं बघितलं हुतं. मी म्हनलं, मग ओवीत सुनंचं नाव घालते. तर हात जोडले त्येनं. म्हनला, पोर नवी हाय, तिला जलमभर पुरंल. माज्याच नावानं ऱ्हाऊ दे."

सात वर्षं बाजारात होणारं हसू हे माणूस माझ्यासाठी सोसत होतं, आणि मी त्याच घरात त्याला ताक वाढत होते! मला रडू आवरेना.

"रडू नगं," केराबाई म्हणाली. "नव्या ओवीत सावलीच्या दोन वळी मी करते. ताकाच्या दोन तुज्या तू जोड. चूक तुजी, वळीबी तुज्याच."

मी जन्मात कधी ओवी जोडली नव्हती. मामा आले, भावकी जमली. केराबाईनं सुरू केलं:

संगप्पाच्या बांधावर लिंब फुलून आला,
चैताचा तापला वारा सावलीला निजला;

आणि माझ्याकडे बघितलं. डोक्यावरचा पदर सारखा करून मी सगळ्यांदेखत म्हटलं:

ताकात पानी सुनंचं, बोल घेतला सासऱ्यानं,
सात उन्हाळं सावली दिली बिनपानाच्या झाडानं.

या वेळी कुणी हसलं नाही. मामांनी पटका सोडला, झटकला आणि पुन्हा बांधला. मग कळशीत वाकून बघितलं. ताक दाट होतं.

"केराबाई," ते म्हणाले, "बेडकाला सांग बाई, बिऱ्हाड हलवाय लागतंय."